भरीत, बट्टी आणि तंदूर: निखारा बरा की गॅस?

२०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेविषयी स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात असा आदेश दिला, की लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांच्या आत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळावे. पाठोपाठ महापालिकेने कोळशाच्या तंदूरवर चालणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा धाडल्या, आणि ‘तंदुरी रोटीची चव आता संपली’ अशी हळहळ सुरू झाली. हा आदेश मुंबईपुरता आहे, खानदेशाला तो लागू नाही. तरीही धुळ्याजवळ, जेथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, तेथील ढाबेवाल्याला हा प्रश्न परका नाही. जळगाव जिल्ह्यात थंडी पडू लागली की शेताशेतांत भरिताचे बेत ठरतात, आणि तेथेही अलीकडे गॅसवर चालणारी जाळीची शेगडी घेऊन येणारा कोणीतरी निघतो व त्याच्याशी वाद घालणारेही निघतात.

हा वाद बहुतेक वेळा चवीवर सुरू होऊन अभिमानावर संपतो. प्रत्यक्षात जाळीवर काय ठेवायचे आहे, किती जणांसाठी ठेवायचे आहे आणि ती जाळी उघड्यावर आहे की छपराखाली, या तीन गोष्टी कळल्या की इंधनाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. त्यासाठी निखाऱ्यात आणि गॅसच्या ज्योतीत नेमके काय घडते हे आधी पाहायला हवे.

कोळसा म्हणजे कोणता कोळसा?

आपण ‘कोळसा’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. दगडी कोळसा खाणीतून निघतो आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात जळतो. त्यात गंधक आणि इतर अनेक द्रव्ये असतात, त्यामुळे त्याच्या उघड्या आगीवर थेट काहीही भाजून खाऊ नये. या लेखात ज्याचा विचार आहे तो लाकडी कोळसा. बाभळीसारखे टणक लाकूड मातीने लिंपलेल्या भट्टीत, पुरेशी हवा न देता तापवले, की त्यातले पाणी आणि धुराच्या रूपाने उडून जाणारी बहुतेक द्रव्ये निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. म्हणूनच चांगला पेटलेला लाकडी कोळसा जवळजवळ धूर न करता जळतो. त्यातला धूर भट्टीवरच निघून गेलेला असतो, आणि ही गोष्ट पुढे चवीचा विचार करताना फार उपयोगी पडणार आहे.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण, दाबाखाली द्रव करून भरलेले. त्यात कार्बनबरोबर हायड्रोजनही असतो, आणि हायड्रोजन जळला की पाणी तयार होते. एक किलो गॅस जळताना वजनाने दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ निघते, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. थंड पातेले गॅसवर ठेवताच त्याच्या बुडाला क्षणभर जो ओलावा धरतो, तो हाच. लाकडी कोळशातून अशी वाफ जवळपास निघत नाही, त्यामुळे त्याची उष्णता कोरडी असते. उघड्या जाळीवर ही वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते, पण झाकणाच्या ग्रिलमध्ये वरचे आवरण कुरकुरीत करायचे असेल तेव्हा फरक थोडा जाणवतो.

उष्णता पदार्थापर्यंत पोचते कशी?

पौष महिन्यातल्या सकाळी अंगणात उन्हाला बसले की हवा गार असूनही पाठ तापते, आणि सावलीत सरकताच पुन्हा हुडहुडी भरते. याचे कारण सूर्याची ऊब मधली हवा तापवून येत नाही, ती थेट किरणांच्या रूपाने येऊन पाठीवर पडते. अशा थेट येणाऱ्या उष्णतेला शास्त्रात ‘प्रारण’ म्हणतात. निखारा पदार्थ भाजतो तो प्रामुख्याने याच रीतीने. लालबुंद निखाऱ्याचा पृष्ठभाग सुमारे ६०० ते ९०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो, आणि त्यातून निघणारे प्रारण तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. निखारा ५०० अंशांवरून ७०० अंशांवर गेला, तर तापमान दुप्पटसुद्धा होत नाही, पण बाहेर पडणारे प्रारण मात्र सुमारे अडीचपट होते. पुठ्ठ्याने दोन हात वारा घातला की कणसाचे दाणे लगेच तडतडू लागतात, ते यामुळेच.

गॅसची निळी ज्योत निखाऱ्याहून कितीतरी अधिक गरम असते, पण ती स्वतः फारसे प्रारण फेकत नाही. ती मुख्यतः तापलेल्या हवेच्या झोताने काम करते. चहाच्या भांड्याला हे उत्तम जमते, कारण झोत बुडाला भिडतो. जाळीवर ठेवलेल्या पदार्थाच्या बाबतीत मात्र तो झोत कडेने निसटून जातो. ग्रिल बनवणाऱ्यांनी यावर उपाय शोधला, तो असा की ज्योतीच्या वर लोखंडी पट्ट्या, चिनी मातीची छिद्रांची फरशी किंवा ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड ठेवायचे, ज्योतीने ते तापवायचे आणि तापलेल्या पृष्ठभागाकडून प्रारण घ्यायचे. म्हणजे गॅसच्या चांगल्या ग्रिलमध्ये निखाऱ्याची नक्कलच केलेली असते. जे ग्रिल फक्त बर्नर आणि वर जाळी एवढेच देते, ते घरच्या शेगडीपेक्षा फारसे निराळे काही करत नाही, आणि ‘गॅसवर मजा येत नाही’ ही तक्रार बहुधा अशाच ग्रिलच्या अनुभवातून आलेली असते.

मग ती चव कोठून येते?

कोळशावरच्या पदार्थाला कोळशाची चव येते, असे आपण सहज म्हणतो. पण वर पाहिल्याप्रमाणे नीट पेटलेल्या लाकडी कोळशात चव देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. चव येते ती पदार्थातूनच. मांस भाजताना त्याची चरबी आणि रस खाली निखाऱ्यावर टपकतात, क्षणात जळून त्यांचा धूर होतो, आणि तो धूर वर येऊन त्याच पदार्थाला चिकटतो. ढाब्यावरच्या तंदुरी कोंबडीचा ओळखीचा दरवळ हा मुख्यतः तिच्याच चरबीचा आणि तिला चोपडलेल्या दही-मसाल्याचा असतो.

शाकाहारी स्वयंपाकात हे पाहायचे असेल तर खानदेशी काळ्या मसाल्याची तयारी बघावी. सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर धरली की तिच्या काठाला आधी तेल सुटते, ते थेंब थेंब खाली पडते, प्रत्येक थेंबाबरोबर चर्र असा आवाज होऊन लहानशी ज्वाला उठते, आणि खोबरे काळसर होता होता त्या धुराला आत ओढून घेते. तेच खोबरे किसून कढईत भाजले तर रंग येतो, खमंगपणाही येतो, पण रश्श्याला ती खोल धुरकट चव येत नाही, कारण तेल जळत्या निखाऱ्यावर पडलेलेच नसते.

याहून सोपा पुरावा प्रत्येकाच्या घरात आहे. डाळीला किंवा भाताला धुंगार देताना आपण वाटीत एक पेटता निखारा ठेवतो आणि त्यावर चमचाभर तूप सोडून झाकण लावतो. नुसता निखारा ठेवून झाकले तर काहीच होत नाही, तूप पडले की धूर उठतो. चवीत कोळशाचा वाटा गरम पृष्ठभाग पुरवण्याचा आहे, आणि असा पृष्ठभाग गॅसवर तापलेली लोखंडी पट्टीसुद्धा बऱ्याच अंशी पुरवू शकते. बऱ्याच अंशी, पूर्णपणे नाही. निखारा पट्टीपेक्षा अधिक गरम असतो आणि अर्धवट जळलेल्या कोळशाचा थोडा धूरही त्यात मिसळतो, म्हणून चरबीच्या मांसासाठी कोळसा सरस ठरतो, हे मान्य करायला हरकत नाही.

लाकडाचे मात्र वेगळे आहे. लाकडाला टणकपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य जळताना जे सुगंधी घटक सुटतात, त्यांतूनच आपण ज्याला धुराचा वास म्हणतो तो तयार होतो. हा वास कोळशात नसतो, कच्च्या लाकडात आणि काड्यांत असतो. त्यामुळे शेतातल्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याशी बाजारच्या कोळशावर भाजलेल्या वांग्याची तुलना करणे मुळातच चुकीचे आहे.

भरिताच्या वांग्याचा हिशेब निराळा

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे वांगे मोठे, फिक्या हिरव्या रंगाचे, पांढुरक्या रेषांचे, आणि महत्त्वाचे म्हणजे कमी बियांचे असते. ते भाजताना चरबी टपकण्याचा प्रश्नच येत नाही. साल अखंड असल्यामुळे बाहेरचा धूरही आत फारसा शिरत नाही. भरिताला जो धुरकटपणा येतो, तो सालच जळून कोळसा होताना तिच्यातून निघालेल्या द्रव्यांमुळे येतो, आणि ती द्रव्ये खालच्या गरात मुरतात. याच कारणाने घरच्या शेगडीवर थेट ज्योतीत भाजलेल्या वांग्यालाही भरिताची चव येते, मात्र ओव्हनमध्ये मऊ केलेल्या वांग्याला ती येत नाही. इंधन कोणते यापेक्षा साल किती करपली याला येथे अधिक महत्त्व आहे.

शेतात भाजताना पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, किंवा तुराट्यांचा थर अंथरतात, त्यावर वांगी ओळीने मांडतात, वरून पुन्हा काड्या टाकतात आणि पेटवून देतात. काड्या बारीक आणि कोरड्या असल्याने जाळ भडकतो आणि लवकर ओसरतो. त्या थोड्या वेळात वांग्याला चारी बाजूंनी एकदम आच लागते. जाणता माणूस लांब काठीने वांगी उलटत राहतो, आणि देठाजवळचा भाग दाबून पाहतो, कारण तेथला गर सर्वांत शेवटी शिजतो. साल काळी ठिक्कर पडून सुरकुतली, वांगे मधोमध बसले आणि देठाच्या बुडाशी रसाचे बुडबुडे येऊ लागले, की ते बाहेर काढतात. मग सोलून, लाकडी बडगीत मुसळीने हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून त्यात ते घोटतात, आणि वर कांद्याची पात व शेंगदाणे घालून तेलाची फोडणी देतात.

गॅसच्या शेगडीवर एका वेळी एक, फार तर दोन वांगी बसतात, एका बाजूनेच आच लागते आणि मोठे वांगे असेल तर सतत फिरवत राहावे लागते. चार माणसांच्या घरात हे सहज जमते आणि भरीत उत्तम होते. पन्नास माणसांच्या भरितासाठी मात्र गॅस कामाचा नाही, कारण तेवढी वांगी भाजायला लागणारी जागा कोणत्याही बर्नरवर नसते. शेतातले भरीत काड्यांवर चांगले लागते याचे निम्मे श्रेय, माझ्या मते, काड्यांना नसून ताज्या तोडलेल्या वांग्याला, कळण्याच्या भाकरीला आणि हवेतल्या गारव्याला द्यायला हवे. पण तो वाद कोणी जिंकलेला मी पाहिलेला नाही.

काड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. कपाशीवर हंगामभर कीटकनाशकांच्या फवारण्या होतात, तुरीवर त्या मानाने कमी. त्यामुळे पर्याय असेल तेव्हा तुराट्या घेणे, आणि पऱ्हाटीच वापरायची तर ती चांगली वाळलेली असणे, हे शहाणपणाचे. गुलाबी बोंडअळी काड्यांच्या ढिगात तग धरते, म्हणून कृषी विभाग पऱ्हाटीचे ढीग शेतात किंवा बांधावर साठवू नका असे सांगत असतो. त्या दृष्टीने भरिताच्या निमित्ताने काही काड्या संपतात, हे बरेच आहे.

बट्टीचा प्रश्न थोडक्यात उरकता येतो. वरण-बट्टीतली बट्टी आपल्याकडे पुष्कळ घरी उकडून तळतात, त्यामुळे तेथे निखाऱ्याचा संबंधच नाही. चंपाषष्ठीचा रोडगा किंवा भाजकी बट्टी गोवऱ्यांच्या आरात पुरतात, तेव्हा तिला मंद आणि दीर्घ आच हवी असते. झाकणाचा गॅस तंदूर ते काम नेटके करतो, राख झटकण्याची कटकट वाचते.

खर्चाला काय परवडते?

एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, एक किलो चांगल्या लाकडी कोळशापासून सुमारे ७,०००, आणि वाळलेल्या लाकडापासून साडेतीन-चार हजार. या हिशेबाने १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये साधारण २२ किलो कोळशाइतकी उष्णता असते. व्यावसायिक सिलिंडरचा दर दर महिन्याला बदलतो आणि कोळशाचाही गावोगाव वेगळा असतो, म्हणून ताजे दर घेऊन हे गुणोत्तर ज्याने त्याने आपल्या वहीत मांडून पाहावे.

एवढ्याने हिशेब पुरा होत नाही, कारण गॅस कान पिरगाळताच पेटतो आणि काम झाले की बंद होतो. कोळसा तयार व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, आणि शेवटचा तुकडा जाळीवरून उतरल्यावरही तो तास-दीड तास फुकट जळत राहतो. दोन प्लेट पनीर टिक्क्यासाठी कोळसा पेटवणे म्हणूनच महाग पडते. संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत अखंड चालणाऱ्या तंदूरला हा तोटा जाणवत नाही, कारण एकदा तापलेली मातीची भिंत उष्णता धरून ठेवते. काड्या मात्र शेतकऱ्याला फुकट मिळतात, त्यांच्याशी कोणतेच इंधन स्पर्धा करू शकत नाही.

वारा आणि थंडी

उघड्या शिवारात वारा सुटला की गॅसची ज्योत कलते, कधी विझतेही, आणि विझलेल्या बर्नरमधून गॅस येत राहतो. कोळसा वाऱ्याने उलट अधिक फुलतो, कधी नको तितका. थंडीचा त्रास वेगळा आहे. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, म्हणजे सुमारे उणे अर्ध्या अंशावर उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांवर. सिलिंडरमधला द्रव वायू होताना स्वतःच गार पडत जातो. जळगाव-धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरलेल्या रात्री मोठा बर्नर बराच वेळ चालू ठेवला तर सिलिंडरच्या खालच्या भागावर दव किंवा बर्फाची साय धरते आणि आच मंदावते. अशा वेळी सिलिंडरला शेक देणे किंवा तो शेगडीजवळ सरकवणे हा जिवाशी खेळ आहे. बर्नर बारीक करावा, नाहीतर दुसरा सिलिंडर जोडावा.

‘आमचे आजोबा जन्मभर चुलीवरचे खात होते’

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चरबी निखाऱ्यावर जळली की त्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगे तयार होतात आणि ती पदार्थावर बसतात. मांस फार तापून करपले तर त्याच्या प्रथिनांपासूनही काही घातक संयुगे बनतात, आणि ही दुसरी क्रिया गॅसवरही तितकीच घडते. चव आणि अपाय दोन्ही एकाच धुरातून येतात. उपाय मात्र सोपे आहेत. चरबीचा जाड थर आधी काढावा, जाळी निखाऱ्यांपासून थोडी उंच ठेवावी, तुकडे वरचेवर उलटावेत, ज्वाला उठली तर तुकडा बाजूला घ्यावा आणि काळे पडलेले कोपरे खाऊ नयेत. भरिताच्या बाबतीत करपलेली साल आपण सोलून टाकतोच, त्यामुळे काळजीचा मोठा भाग तेथेच संपतो.

वर्षातून चार-सहा वेळा निखाऱ्यावरचे खाणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. खरा धोका खाणाऱ्यापेक्षा भाजणाऱ्याला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घरात जाळलेल्या लाकूडफाट्याच्या धुराला ‘माणसात कर्करोगाला बहुधा कारण ठरणारा’ या गटात घातले आहे. आजोबांचे उदाहरण देताना त्याच चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या आजीचा खोकला आणि तिचे डोळे आपण विसरतो. ढाब्यावर रोज आठ-दहा तास तंदूरवर वाकणाऱ्या कारागिरासाठी गॅसकडे वळणे हा म्हणूनच चवीचा नव्हे, प्रकृतीचा प्रश्न आहे, आणि तेथे माझे मत निःसंशय गॅसच्या बाजूचे आहे.

याहून तातडीचा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या हिवाळ्यात येतात, त्या याच्याच. निखारा धूर देत नाही, म्हणून तो निर्धोक आहे असे वाटते, आणि घात तेथेच होतो. पाऊस आला म्हणून कोळशाची जाळी गॅरेजमध्ये, शेडमध्ये किंवा गाडीच्या मागच्या भागात घेऊ नये. उरलेले निखारे उबेसाठी खोलीत तर कधीच नेऊ नयेत.

‘कोळसा नैसर्गिक, गॅस खनिज’

हेही अर्धेच खरे आहे. गॅस जमिनीखालून आलेल्या इंधनाचा भाग आहे आणि आपल्या देशाला लागणारा निम्म्याहून अधिक गॅस बाहेरून येतो. पण गावठी भट्टीत एक किलो लाकडी कोळसा मिळवायला साधारण चार ते सहा किलो लाकूड लागते. त्या लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीवरच धुरात जाते. लाकूड शेताच्या बांधावरच्या वेड्या बाभळीचे असेल तर फारसे बिघडत नाही, सातपुड्यातला अंजन किंवा धावडा तोडून केलेले असेल तर बिघडते, आणि पोत्यातल्या कोळशाकडे पाहून यातले काहीही ओळखता येत नाही. या निकषावर शेतातल्या काड्या दोघांनाही मागे टाकतात, कारण त्यांच्यासाठी वेगळे झाड पाडावे लागत नाही.

गॅस घ्यायचा तर

घरगुती सिलिंडर ढाब्यावर, गाड्यावर किंवा केटरिंगला वापरणे २००० सालच्या गॅस नियमन आदेशानुसार बेकायदा आहे. व्यवसायासाठी १९ किलोचा सिलिंडर असतो. अंगणातल्या ग्रिलसाठी घरचाच सिलिंडर बाहेर नेता येतो, पण रेग्युलेटर त्या ग्रिलला चालणारा असावा. तंदूरचे मोठे बर्नर जास्त दाब मागतात आणि घरगुती रेग्युलेटर कमी दाबाचा असतो, त्यामुळे तो काढून बाजारातला कोणताही बसवण्याची युक्ती करू नये. नळी भारतीय मानक चिन्ह असलेली घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो वर न जाता खड्ड्यात, तळघरात, पायरीच्या आडोशाला साचतो. म्हणून सिलिंडर उभा आणि सपाट, मोकळ्या जमिनीवर ठेवावा. त्याला मुद्दाम मिसळलेला उग्र वास आला तर आधी नॉब बंद करून दूर व्हावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

कोळशाचे ठरवले असेल तर पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये. पेट्रोलने भडका उडतो, आणि रॉकेलचा वास पहिल्या खेपेच्या सगळ्या पदार्थांना लागतो. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याचे दोन्ही बूड कापून, खालच्या बाजूस भोके पाडून तो उभा करावा, तळाला कागद आणि वर कोळसा भरावा. हवा खालून ओढली जाते आणि वीसेक मिनिटांत सारे निखारे सारखे फुलतात. त्यांच्यावर राखेची पांढरी साय धरली की जाळी चढवावी, त्याआधी नाही, कारण अर्धवट पेटलेला कोळसाच कडवट धूर देतो. जाळी साध्या लोखंडाची किंवा स्टीलची असावी. कुंपणाची चकचकीत जाळी कापून वापरण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तीव्र आचेवर त्याचा विषारी धूर निघतो.

शेवटचे काम निखारे विझवण्याचे. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जिवंत राहू शकतो, आणि आपल्या भागात थंडीच्या दिवसांत आसपास कडब्याच्या गंज्या, पऱ्हाटीचे ढीग आणि उघड्यावर पडलेला कापूस असतो. भरपूर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे आणि वरून माती लोटावी. हात जवळ नेल्यावर जराही धग लागत असेल तर तो जाळ विझलेला नाही असेच समजावे, आणि तेथून कोणीतरी हलू नये.